आगीतून फुफाट्यात : रानातला स्वयंपाक

रानात पेटवलेली आग तासभरसुद्धा एकसारखी राहत नाही. आधी नुसता जाळ असतो, मग लाकडे बसतात आणि निखारे होतात, शेवटी राखेखाली दबलेला विस्तव म्हणजे फुफाटा उरतो. तिन्हींची आच वेगळी आणि ती पदार्थापर्यंत पोचण्याची रीतही वेगळी. गॅसवर जे काम बटण फिरवून होते ते इथे सरपण आत सारून किंवा मागे ओढून करावे लागते, तेही अर्धेच साधते. त्यामुळे मुक्कामावरचा स्वयंपाक बिघडला तर मसाल्याला दोष देण्यात फारसा अर्थ नसतो. बाहेरून काळीठिक्कर आणि हाडाजवळ लालसर राहिलेली कोंबडीची तंगडी ही भडकत्या जाळावर भाजल्याचीच खूण. आग ज्या क्रमाने बदलते त्याच क्रमाने पदार्थ मांडले, तर एका चुलीवर चार माणसांचे साग्रसंगीत जेवण होते.

लाकूड तापले की आधी त्यातले पाणी उडते. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे विघटन होऊन ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात. आपल्याला दिसणारा जाळ हा या वायूंचा. लाकडातली साधारण दोन तृतीयांश ऊर्जा याच टप्प्यात मोकळी होते. वायू निघून गेल्यावर जो कोळसा उरतो तो जवळजवळ ज्योतीविना आणि फारच थोड्या धुरासह जळतो आणि आपली उष्णता मुख्यतः प्रारणाने, म्हणजे सूर्यासारखी दुरून, फेकतो. जाळ हलता, लहरी आणि काजळी धरणारा, तर निखारे स्थिर असतात. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचेच असू शकते. ते उडवण्यातच आग खर्ची पडते, तापमान खाली येते, वायू पुरते जळत नाहीत आणि डोळ्यांत पाणी आणणारा धूर होतो. ओल्या सरपणावर कितीही फुंकणी चालवली तरी हा हिशेब बदलत नाही.

आग कुठे पेटवायची हा प्रश्न मात्र काडी ओढण्याआधीचा आहे. राखीव वनात परवानगीवाचून आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. अभयारण्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ची आणखी बंधने लागू होतात. हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकरचा परिसर अभयारण्यातच मोडतो. कायदा बाजूला ठेवला तरी कारणे पुरेशी आहेत. दिवाळीनंतर सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत वाळते आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने अख्खी सोंड काळी पडते. लेण्यांमध्ये आणि गुहांमध्ये चूल मांडली तर तापून-निवून छताच्या कपच्या सुटतात, काजळी बसते ती कायमची. शिवाय कड्याकपारींना आणि बुरुजांना आग्या मोहोळ लटकलेले असते. धुराने ते उठले तर पळायला जागा नसते. गडांवर असे प्रसंग वारंवार घडले आहेत. म्हणून चुलीवरच्या स्वयंपाकाची खरी जागा गडमाथा नव्हे. पायथ्याच्या गावातले खळे, काढणी झालेले शेत, परवानगी असलेला तंबूतळ किंवा ओळखीच्या माणसाचे परसू, या जागा त्याला शोभतात. गडाच्या वाटेवर पिठले-भाकरी हवीच असेल तर हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनई किंवा राजमाचीच्या उधेवाडीसारख्या ठिकाणी गावकऱ्यांच्या चुली आहेत. त्यांच्या हातची भाकरी बहुतेक भटक्यांच्या भाकरीपेक्षा चांगली असते, हे मान्य करून टाकलेले बरे.

जागा ठरली की वाळलेले गवत आणि पालापाचोळा चारही बाजूंनी दोन-तीन मीटर झाडून उघडी माती काढायची. वर झाडाची फांदी नको आणि तंबू वाऱ्याच्या दिशेला नको. चुलीसाठी तीन दगड लागतात, पण ते ओढ्याच्या पात्रातून उचलू नयेत. पाण्यात राहिलेल्या दगडाच्या भेगांत आणि छिद्रांत ओल मुरलेली असते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते आणि दगड तडकून कपच्या उडतात. उन्हात पडलेला, घट्ट, बिनछिद्रांचा काळा कातळ उत्तम. चुलीचे तोंड वाऱ्याकडे ठेवले की हवा आपोआप आत शिरते. वारा फार असेल तर तोंड थोडे तिरके करून बाजूला आडोसा लावावा. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम १० ते १५ टक्के भांड्याला मिळते, बाकीची आजूबाजूला निघून जाते. दोन दगडांमधल्या फटी मातीने लिंपल्या तरी फरक जाणवतो. घरच्या चुलीला शेजारी वैल असतो तो याच वाया जाणाऱ्या आचेसाठी. मुख्य तोंडातली गरम हवा वैलाखालून जाते आणि त्यावर आमटी गरम राहते.

सरपण तीन मापांचे हवे. काडीपेटीच्या काडीएवढ्या वाळक्या काटक्या, बोटाएवढ्या फांद्या आणि मनगटाएवढी लाकडे. त्याहून जाड ओंडका शेकोटीला ठीक, स्वयंपाकाला निरुपयोगी. सगळे आधी गोळा करून ठेवायचे, कारण फोडणी तडतडत असताना काटक्या शोधायला पळावे लागले की फोडणी करपते. बाभळीचे लाकूड जड आणि घट्ट, त्याचे निखारे कडक पडतात आणि बराच वेळ टिकतात. सावर, पांगारा यांची हलकी लाकडे भुरूभुरू जळतात आणि निखारा न धरता राख होतात. ती पेटवायला बरी. जिवंत झाड तोडायचे नाही, ते जळतही नाही. काही झाडे मात्र ओळखून टाळावीत. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो आणि त्याच्या धुरानेही त्रास होतो. कण्हेर विषारी आहे, तिच्या फांदीची सळई करून त्यावर मांस भाजणे म्हणजे जिवाशी खेळ. शेर, गेवा यांसारखी चिकाची झाडेही चुलीत घालू नयेत. पेट घ्यायला रॉकेल ओतण्याची सवय अनेकांना असते. त्या आगीवर भाजलेले वांगे शेवटपर्यंत रॉकेलचीच आठवण करून देते.

पहिला जाळ पाण्यासाठी वापरावा. ओढ्याचे किंवा टाक्याचे पाणी एक मिनिट खळखळून उकळले की जंतू मरतात. २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळावे लागते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, म्हणजे इथे सगळीकडे एक मिनिट पुरे. उंचीचा परिणाम शिजण्यावर मात्र होतो. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. कळसूबाईच्या माथ्यावर पाणी ९५ अंशांच्या आतबाहेर उकळते, तर ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये ८८-८९ अंशांना. तूरडाळ तिथे तासभर रटरटली तरी दाणा सोडत नाही. मूग किंवा मसूर डाळ घेतली आणि तासभर आधी भिजवली तर अडचण बरीच कमी होते.

याच टप्प्यात खिचडी किंवा भात चढवायचा. पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप दिला की काजळी भांड्यावर न बसता मातीवर बसते आणि धुताना लेपासकट निघून जाते. गावाकडच्या बायका हे न सांगता करतात. भात पूर्ण उकळला, पाणी आटून वर छिद्रे दिसू लागली की जळती लाकडे मागे ओढायची, पातेले निखाऱ्यांच्या कडेला सरकवायचे आणि झाकणावर दोन-चार निखारे ठेवायचे. खालून मंद आच आणि वरून शेक मिळाला की शिते मोकळी होतात. लाकडे न ओढता भात तसाच ठेवला तर खाली करपून बसतो, वर टचटचीत राहतो. प्रेशर कुकर चुलीवर चालतो, पण शिट्टी झाल्यावर आच झटकन कमी करता येत नसल्याने कुकरच उचलून बाजूला ठेवायची तयारी हवी. त्याची रबरी कडी जाळाला लागू नये म्हणून जाळ बुडापुरताच ठेवावा.

पिठल्याला जाळ हवा तो थोडाच वेळ. फोडणी मोठ्या आचेवर एका मिनिटात होते. तेल पेटलेच तर वर झाकण ठेवायचे. पाणी ओतले तर जळते तेल उडते. कांदा-लसूण परतला की पाणी घालून उकळी आणायची. एका वाटी बेसनाला तीनेक वाट्या पाणी धरावे, त्यातले थोडे गार पाणी बेसन कालवायला राखून ठेवावे आणि ते कालवण उकळत्या पाण्यात धार धरून ओतत ढवळत राहावे. कोरडे पीठ भुरभुरले तर गाठी होतात. नंतर पातेले बाजूच्या मंद आचेवर ठेवून चुलीची मुख्य जागा तव्याला द्यायची.

भाकरीला जाळ आणि निखारे दोन्ही लागतात, म्हणून ती या दोन टप्प्यांच्या सांध्यावर करायची. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते, पीठ चिकट होते ते गरम पाण्याने. कढत पाण्यात पिठातले थोडे पिष्ट फुलते आणि बांधणी धरते. जुन्या पिठाला ते नीट साधत नाही, काठाला चिरा पडतात. गोळा मळून, परातीत पिठावर थापून, भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. त्या बाजूवर लगेच ओल्या हाताने पाणी फिरवायचे. पाणी सुकू लागताच उलटायची. फार सुकू दिले तर पापुद्रा तडकतो. दुसरी बाजू जरा जास्त भाजायची. मग तवा उतरवून किंवा कडेला घेऊन भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी लावायची. दोन्ही बाजूंच्या कोरड्या पापुद्र्यांमध्ये अडकलेली ओल आता वाफ होते आणि भाकरी टम्म फुगते. निखाऱ्यांची आच सगळीकडून सारखी लागते म्हणून ती काठापर्यंत फुगते. गॅसच्या ज्योतीवर ती मधेच फुगून काठ कच्चा राहतो. तवा तीन दगडांवर एका बाजूला कलला असेल तर भाकरी सारखी भाजत नाही, तेव्हा तव्याखाली एक चपटी कपची सरकवून तो आधी पातळीत आणावा.

लाकडे बसली, जाळ विझला आणि निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय धरली की भाजण्याची वेळ झाली. आच ओळखायला निखाऱ्यांपासून वीतभर उंचीवर तळहात धरावा. दोन सेकंदांतच हात मागे घ्यावा लागला तर आच कडक, मासे आणि पातळ तुकड्यांसाठी. चार-पाच सेकंद धरता आला तर मध्यम, कोंबडीसाठी. निखारे एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला विरळ पसरवले की एकाच जाळीवर दोन आची मिळतात. पदार्थ कडक बाजूला रंगवायचा आणि विरळ बाजूला शिजवायचा. रंग आणि खमंगपणा साधारण १४० अंशांपुढे येतो, आणि पृष्ठभाग ओला असेल तोवर तापमान शंभराच्या वर जात नाही. म्हणून भाजायचे तुकडे आधी पुसून कोरडे करावेत. कोंबडी आतून ७४ अंशांपर्यंत शिजली पाहिजे. थर्मामीटर नसेल तर जाड भागात सुरी खुपसून पाहावी, रस स्वच्छ यावा आणि मांस हाडाजवळ गुलाबी नसावे.

चरबी निखाऱ्यावर ठिबकली की जो धूर उठतो तो थोडा असेल तर चव देतो. लाकडाच्या धुरातला ओळखीचा वास लिग्निन या घटकाच्या विघटनातून निघणाऱ्या ग्वायाकॉलसारख्या द्रव्यांचा असतो. घरी कोळशावर तूप सोडून धुंगार देतात तो मात्र ठिबकत्या चरबीच्या धुरासारख्या चवीसाठी. खानदेशातले भरीत हे या टप्प्याचे सर्वांत सोपे आणि कदाचित सर्वांत चवदार उदाहरण. जळगावकडची मोठी, हिरवट, कमी बियांची वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या काड्यांच्या आगीत भाजतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वांगे पूर्ण काळे पडून बसले पाहिजे. साल जळाली म्हणून घाबरून ते लवकर काढले तर गर तुरट लागतो. मिरच्याही त्याच आगीत. नंतर सोलून, ठेचून, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून कळण्याच्या भाकरीबरोबर. मांसाहाऱ्यांसाठी तितकीच सोपी वस्तू म्हणजे सुका बोंबील. पाठपिशवीत दोन दिवस राहतो, बिघडत नाही, निखाऱ्यावर मिनिटभरात कुरकुरीत होतो आणि कांद्याबरोबर चुरडला की जेवणाची बाजू सावरतो.

ओव्हन नसताना भाजलेले गोडही निखाऱ्यांवर होते. कोकणात काकडीचे धोंडस जाड बुडाच्या पातेल्यात घालून खाली मंद आणि वर झाकणावर जास्त निखारे ठेवून भाजत. वरची आच जास्त ठेवण्याचे कारण सरळ आहे. खालची आच धातूतून थेट पोचते, वरची हवेतून.

मग फुफाटा. निखारे राखेखाली गेल्यावर त्यांची उष्णता तासन्‌तास टिकते, कारण राख हवा तोडते आणि उष्णताही धरून ठेवते. यात बटाटे, रताळी, कांदे सालासकट पुरून ठेवले की अर्ध्या-पाऊण तासात शिजतात. विदर्भातले रोडगे खास याच आचेचे. जाडसर कणकेचे, तेल लावून घडी घातलेले गोळे आधी गोवऱ्यांच्या विस्तवावर वरून शेकतात आणि मग गरम राखेत दाबतात. गोवरी मोठा जाळ करत नाही, सावकाश आणि सारखी धुमसते, म्हणून जाड गोळा आतपर्यंत शिजतो. राख झटकून, फोडून, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. हुरड्याची आगटीही गोवऱ्यांचीच. ज्वारीच्या दाण्याचा दुधाळपणा सरून तो नुकता घट्ट होऊ लागला की कणसे विस्तवात भाजतात आणि तळहातावर चोळून दाणे सोडवतात. हे दिवस जेमतेम काही आठवड्यांचे. दाणा पक्का झाला की हुरडा संपला.

मडके उपलब्ध असेल तर रायगड जिल्ह्याची पोपटी करून पाहावी. अलिबाग, पेण, रोहा या भागात भात कापल्यावर शेतातल्या उरल्या ओलीवर वाल घेतात. थंडीत वालाच्या शेंगा भरतात आणि त्याच बांधांवर भांबुर्डा उगवतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मधे अंडी, बटाटे, रताळी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी, मग पुन्हा शेंगा. तोंड भांबुर्ड्यानेच गच्च दाबून बंद करतात. पाण्याचा थेंब घालत नाहीत. मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती पेंढा, पाला, काटक्या रचून पेटवतात. पाल्याची आणि शेंगांची ओल वाफ होते, वर चढते आणि उपड्या मडक्याच्या बंद पोटात कोंडून राहते. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात. तो चुर्र करून क्षणात उडाला तर पोपटी झाली. पाला गच्च बसला नसेल तर वाफ निसटते, शेंगा करपतात आणि अंडी कच्ची राहतात. इथे मसाल्यापेक्षा पाला कोंबणाऱ्याच्या हाताला महत्त्व आहे.

शिधा बांधताना उष्म्याचा विचार आधी हवा. मसाला लावलेली कोंबडी बर्फाशिवाय दोन तासांपेक्षा जास्त वाहून नेऊ नये, कडक उन्हात तासभरही पुष्कळ. दोन दिवसांच्या भटकंतीला अंडी, सुकी मासळी, डाळी, बेसन, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि कांदे पुरतात. ओले खोबरे आणि वाटण घरीच ठेवावे. एकच भांडे न्यायचे असेल तर जाड बुडाचे झाकणाचे पातेले, दोन नेता आले तर बिडाचा तवा. चिमटा आणि सांडशी विसरली तर बोटे भाजतात.

रात्री थंडी वाजली तरी निखाऱ्यांचे घमेले तंबूत नेऊ नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. आग विझवताना नुसती माती लोटून भागत नाही, कारण मातीखालचा विस्तव दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो आणि वाळलेल्या मुळीच्या वाटेने पुढे सरकतो. पाणी ओतायचे, काठीने ढवळायचे, परत ओतायचे, आणि राखेला उलटा हात लावून ती गार असल्याची खात्री करायची. त्याआधी भांड्यांपुरती कोरडी राख बाजूला काढून ठेवावी. तिच्यातले पोटॅशियम कार्बोनेट तेलकटपणा कापते, त्यामुळे साबणाशिवाय भांडी निघतात आणि फेस ओढ्यात जात नाही. चुलीचे दगड थंड झाल्यावर होते तिथे परत ठेवावेत, जळकी लाकडे गावकऱ्यांच्या सरपणात टाकावीत आणि प्लॅस्टिक आगीत न घालता पिशवीत भरून खाली न्यावे.